बंगारोटॉक्सिन म्हणजे मण्यारीचं विष का? हा शब्द नेमका कुठे वापरतात?

तुमच्या नोट्समध्ये ‘बंगारोटॉक्सिन = मण्यारीचं विष’ असं लिहिलंय आणि ते बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंय. अर्धंच बरोबर आहे. मण्यारीच्या विषात कितीतरी प्रथिनं असतात, त्यातल्या मोजक्या प्रथिनांचं हे नाव. अख्ख्या विषाला ते लावत नाहीत.

मण्यारीच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव बंगारस, त्यावरून हे आलं. (तेलुगूत बंगारू म्हणजे सोनं, पट्टेरी मण्यारीचे पिवळे पट्टे आठवा.) प्रथिन मात्र पहिल्यांदा वेगळं केलं ते आपल्याकडच्या मण्यारीच्या विषातून नव्हे. तैवान आणि दक्षिण चीनमध्ये बंगारस मल्टिसिंक्टस नावाची मण्यार असते. तिच्या विषातले घटक तैवानच्या चांग आणि ली यांनी १९६३ मध्ये वेगवेगळे केले, आणि तेव्हापासून अल्फा, बीटा ही नावं रूढ झाली.

खरी गंमत अल्फा आणि बीटाच्या फरकात आहे, आणि नोट्समध्ये नेमकं तेच गाळलेलं असतं. चेतातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन हे निरोप नेणारं रसायन बाहेर पडतं, स्नायूवरचे रिसेप्टर ते पकडतात आणि स्नायू आखडतो. अल्फा-बंगारोटॉक्सिन स्नायूच्या बाजूला काम करतं. ७४ अमिनो आम्लांचं हे लहानसं प्रथिन रिसेप्टरवर असं घट्ट बसतं की सहजासहजी सुटत नाही. बीटा-बंगारोटॉक्सिन त्याच्या आधीच्या टप्प्यावर, चेतातंतूच्या टोकावर हल्ला करतं. त्याला दोन साखळ्या असतात, त्यातली एक फॉस्फोलायपेज या पेशीपटलातली चरबी तोडणाऱ्या एन्झाइमची. ते तंतूचं टोकच निकामी करतं, मग ॲसिटिलकोलिन सुटणार कुठून?

मण्यार चावलेल्या माणसाला कधी कधी कितीतरी दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं ते मुख्यतः या बीटा जातीच्या विषांमुळे. आपल्याकडच्या मण्यारीच्या विषातही ती असतात. प्रतिविष रक्तात फिरणारं विष निष्प्रभ करतं, पण एकदा गेलेलं टोक परत आणू शकत नाही. ते नव्याने वाढायची वाट बघण्यावाचून उपाय नसतो. निओस्टिग्मिन हे औषध सुटलेलं ॲसिटिलकोलिन टिकवून धरतं; नागदंशात त्याच्या इंजेक्शनने बरेचदा पापण्या उचलल्या जातात, मण्यारीच्या दंशात मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण टोकच गेलं की ॲसिटिलकोलिन सुटतच नाही. अशा रुग्णाच्या पापण्या मिटलेल्या, हातपाय गळालेले, टॉर्च मारला तरी बाहुल्या हलत नाहीत. बघणाऱ्याला वाटावं, सगळं संपलं. पण तो आत शुद्धीवर असू शकतो आणि उशाशी चाललेलं सगळं बोलणं ऐकत असतो. श्वास चालू ठेवला तर असे रुग्ण बरे होऊन घरी जातात.

आता वापर. वॉर्डात हा शब्द तुम्हाला जवळपास ऐकूच येणार नाही. तिथे ‘न्यूरोटॉक्सिक बाइट’, म्हणजे चेतासंस्थेवर परिणाम करणारा दंश, म्हणतात. हा शब्द प्रयोगशाळेचा, आणि तिथेही सगळा मान अल्फाला. सुटत नाही हाच त्याचा गुण. १९७० मध्ये फ्रान्समध्ये शास्त्रज्ञ शाँज्यू यांनी ली यांच्याबरोबर विजेचा झटका देणाऱ्या ईल माशाच्या ऊतीत याच प्रथिनाच्या मदतीने ॲसिटिलकोलिनचा रिसेप्टर ओळखला. १९७३ मध्ये किरणोत्सारी अल्फा-बंगारोटॉक्सिन वापरून दिसलं की मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराच्या रुग्णांच्या स्नायूंत हे रिसेप्टर फार कमी असतात. पुढे त्या आजाराची अँटिबॉडी तपासणीही याच प्रथिनावर उभी राहिली.

माझ्या रोजच्या कामात ते रंगासारखं येतं. चमकणारा रंग जोडलेलं अल्फा-बंगारोटॉक्सिन विकत मिळतं. कुपीच्या तळाशी इतकी कमी पूड असते की नवीन मुलं ‘सर, रिकामी आलीय’ म्हणून परत घेऊन येतात. उंदराच्या स्नायूची पातळ पट्टी त्यात भिजवून धुतली आणि मायक्रोस्कोपखाली धरली की काळ्या पडद्यावर लाल जिलब्या उमटतात. प्रत्येक जिलबी म्हणजे चेतातंतू आणि स्नायूचा एक सांधा. विषाची भीती कुठल्या कुठे जाते. हातमोजे मात्र घालायचेच.

पेपरात ‘बंगारोटॉक्सिन रिसेप्टर अडवतं’ एवढंच लिहिलंत तर परीक्षक गुण कापेल, आणि योग्यच करेल. आधी अल्फा की बीटा ते लिहा, मग ते स्नायूच्या बाजूला काम करतं की चेतातंतूच्या, ते. कप्पा-बंगारोटॉक्सिन नावाचं आणखी एक आहे, ते चेतापेशींवरच्या रिसेप्टरना चिकटतं. बीएस्सीला ते सहसा विचारत नाहीत.