ऑगस्टअखेर आई-बाबांना एपकॉटच्या (अमेरिकेत ऑर्लँडोतलं डिस्नीचं थीम पार्क) फूड अँड वाइन फेस्टिव्हलला न्यावं का? ऊन झेपेल का?

जरूर न्या, पण दुपारी १२ ते ४ उघड्यावर फिरायचं नाही हे आधीच ठरवा. ऑर्लँडोत तेव्हा पारा ३२-३३ अंशांवर असतो. नागपूरकरांना हसू येईल, पण हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग गार होत नाही. सावलीतही माणूस गळून जातो. त्यात ११ देशांचे मंडप एका तळ्याभोवती आहेत, पूर्ण फेरी साधारण २ किलोमीटर. तो भाग बहुधा ११ला उघडतो. लगेच दोन-तीन स्टॉलवर खाऊन घ्या (पदार्थ छोट्या बशीत येतात, दोघांत एक घेतलेला बरा) आणि मग आत शिरा:

- अमेरिकन मंडपातला अर्ध्या तासाचा कार्यक्रम: एसी, बसायला खुर्ची
- पार्कातल्याच ‘द लँड’ या दालनातली बोटीची सफर

उरलेले स्टॉल संध्याकाळी. दुपारी गडगडाटी पाऊसही बऱ्याचदा येतो, म्हणून छत्री हवीच. काउंटरवर खाणं मिळतं तिथे बर्फाचं पाणी फुकट देतात, फक्त मागायचं. वाइनने तहान भागत नाही, उलट अंगातलं पाणी कमी होतं. प्रत्येक ग्लासामागे पाणी पाजा.

मात्र दोघांपैकी कुणी रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. तारीख बदलता येत असेल तर सरळ नोव्हेंबर गाठा, फेस्टिव्हल तोवर चालतो.