गेटच्या आतलं एकमेव दुकान

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यातलं जवळजवळ सगळं आमच्याकडे घडून गेलंय. भांडुपजवळच्या नव्या टॉवरांमध्ये राहायला येऊन तुम्हाला आठ महिने झाले. गेटच्या आत एकच सुपरमार्केट आहे. फळीवर एक भाव आणि बिलात दुसरा, मुदतीला दोन दिवस उरलेलं दही, सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेटं, दर बिलाला मोबाइल नंबरची सक्ती, आणि बोललं की "मग बाहेरून घ्या" हे उत्तर. सोसायटीने ठराव करून दुकान बंद पाडावं का, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत स्पष्ट आहे, बंद पाडू नका. लालबहादूर शास्त्री मार्गालगत जुन्या कारखान्याच्या जागेवर झालेल्या वसाहतीत मी चौदा वर्षं राहते. आमच्याकडे एकदा दुकान चालवणारा बदलला आणि मधले दोन महिने शटर खाली होतं. माझ्या मजल्यावरच्या ऐंशीच्या घरातल्या आजी दुधाच्या पिशवीसाठी वॉचमनच्या विनवण्या करायच्या. मग नवा चालक आला, नवी पाटी लागली, आणि सहा महिन्यांत बिलं पुन्हा तशीच यायला लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोष त्या माणसाइतकाच त्या जागेचा आहे.

हिशेब करून बघा. बाहेरच्या बाजारात जायचं तर चढाचा रस्ता, नाहीतर रिक्षा. मुंबईत रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आहे, म्हणजे जाऊन-येऊन ५२. आतल्या दुकानाने एका खेपेला तुमच्याकडून ४० रुपये जास्त घेतले, तरी तुम्ही तिथेच जाणार. हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं. म्हणून काउंटरवर आवाज चढवून काही साधत नाही. तुम्ही उद्या परत येणार आहात, हे तो जाणून असतो. त्यातून काउंटरवरची मुलगी नऊ-दहा तास उभी असते आणि भाव तिने ठरवलेला नसतो. तिच्यावर ओरडू नका, ही माझी मनापासून विनंती आहे. आमच्याकडे फळीवरच्या चुका आम्हाला सगळ्यात आधी त्या मुलींनीच दाखवल्या.

आता तक्रारींकडे येऊ. नुसता त्रास कुठला आणि कायद्याचा भंग कुठला, हे आधी वेगळं करा. लांब रांग, उद्धट मॅनेजर, आपल्या आवडीचा मसाला न ठेवणं, हा त्रास आहे. छापील किमतीपेक्षा एक रुपया जरी जास्त घेतला तरी तो भंग आहे. सगळं एकाच कागदावर लिहिलं की समोरचा माणूस उद्धटपणाबद्दल माफी मागतो आणि भावाचा विषय तसाच राहतो.

बिलात भाव का बदलतो, हे मला समजायला दोन वर्षं लागली. एकाच बारकोडचा माल वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या छापील किमतीने आलेला असतो. स्कॅन केलं की कॉम्प्युटर त्या किमतींची यादी दाखवतो आणि घाईत वरची, म्हणजे बहुधा नवी आणि महाग, किंमत निवडली जाते. हातात २१० रुपये छापलेली खोबरेल तेलाची बाटली आणि बिलात २३५, हे माझ्याच घरी झालं. दुसरं कारण ऑफरचं. सवलत कॉम्प्युटरमधून रात्री निघते, पण फळीवरची चिठ्ठी तीन-तीन दिवस निघत नाही. चूक मुद्दाम केलेली नसेलही, पण सुधारायची कुणाला घाई नसते, कारण चुकीचा पैसा दुकानाकडेच जातो.

२०११ च्या आवेष्टित, म्हणजे पाकीटबंद, वस्तूंच्या नियमांप्रमाणे छापील किमतीत सगळे कर आलेले असतात आणि किरकोळ विक्रेत्याला त्याहून जास्त घेता येत नाही. किंमत वाढवणारं स्टिकर चालत नाही. कमी करणारं चालतं, पण त्याखालची मूळ किंमत दिसली पाहिजे. ही तक्रार वैधमापन विभागाकडे जाते, ज्यांना आपण अजूनही वजनमापवाले म्हणतो. सुट्टी डाळ किंवा भाजी घेत असाल तर दुकानातलंच मिठाचं एक किलोचं सीलबंद पाकीट काट्यावर ठेवून बघा. वेष्टनाचे चार-पाच ग्रॅम धरून आकडा किलोच्या किंचित वर हवा. पन्नास ग्रॅमचा फरक दिसला तर फोटो घ्या. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी सरकारी पडताळणी होऊन त्यावर मोहोर लागते, ती कुठल्या वर्षाची आहे तेही बघा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शॅम्पू, टूथपेस्ट यांचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. पाकिटावर जुनी किंमत छापलेली असली तरी बिलात करदर ५ टक्के दिसायला हवा. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात तो असतो. बहुतेक जण वाचत नाहीत.

दही, पनीर, इडलीचं पीठ यांच्याबाबत मी फार कडक आहे, कारण त्याने माणूस आजारी पडतो. 'या तारखेपूर्वी उत्तम' आणि 'या तारखेपर्यंतच वापरा' हे दोन वेगळे शिक्के आहेत. पहिल्यात तारीख उलटली की चव आणि दर्जा उतरतो, दुसऱ्यात ते खायचंच नाही. दोन दिवस उरलेलं दही विकणं गुन्हा नाही. मुदत संपलेलं विकणं आहे, आणि ते अन्न व औषध प्रशासनाकडे जातं. बिलावर दुकानाचा चौदा अंकी अन्न परवाना क्रमांक असतो, तक्रारीत तो लिहा. आइस्क्रीमच्या झाकणाखाली बर्फाचे खडे दिसले, कप वेडावाकडा झालेला असला, तर ते मध्ये वितळून पुन्हा गोठलंय असं समजा. आमच्याकडे रात्री फ्रीज बंद करतात असा संशय होता. सलग चार सकाळी आम्ही दुधाच्या पिशव्यांना हात लावून पाहिलं, दोनदा त्या कोमट लागल्या. तेवढी नोंद पुरली.

रव्यात टोके निघाले आणि दुकान म्हणालं "विकलेला माल परत नाही", असं तुम्ही लिहिलंय. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सांगतो की सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणंही त्यातच येतं. बिलात पिशवीचेही पैसे घेतात ना? चंडीगडच्या ग्राहक मंचाने २०१९ मध्ये तीन रुपयांच्या कागदी पिशवीवरून एका पादत्राणांच्या कंपनीला एकूण ९ हजार रुपये भरायला लावले होते. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही सांगितलं की पिशवीचे पैसे पडतील हे गिऱ्हाइकाला खरेदीआधी कळलं पाहिजे, बिल करताना नव्हे.

आम्ही काय केलं ते सांगते. एकवीस घरांनी महिनाभर प्रत्येक बिल जपलं. फरक दिसला की पाकिटावरची किंमत आणि बिल शेजारी ठेवून फोटो काढायचा, बिलामागे तारीख लिहायची. बिलाची शाई उडते, म्हणून फोटो त्याच दिवशी. महिन्याच्या शेवटी एका पानाचं पत्र लिहिलं, त्यात फक्त छापील किमतीपेक्षा जास्त घेतलेल्या वस्तू आणि मुदत संपलेल्या वस्तू. विशेषण एकही नाही. मॅनेजरला एक प्रत देऊन पोच घेतली, दुसरी दुकानाच्या मुख्य कार्यालयाला पाठवली. तीन आठवड्यांत भाव तपासायचं यंत्र दारापाशी लागलं आणि मुदत जवळ आलेल्या मालाला वेगळी फळी, कमी भावात. ज्यांचे पैसे तरीही परत मिळाले नाहीत, त्या दोघींनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. मराठीतही बोलता येतं. त्यापुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची, उपनगरवाल्यांसाठी वांद्रे पूर्वेला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. आमच्यावर ती वेळ आली नाही.

पण ताई, एवढ्यावर थांबलात तर वर्षभरात सगळं पुन्हा घसरेल. आमचंही घसरलं. दुकान खरं वठणीवर आलं ते आम्ही माल दुसरीकडून आणायला लागल्यावर.

माझं बालपण गोरेगावचं. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीचे मोर्चे निघायचे, तेव्हा मी चौथीत होते. आई स्वयंपाकघरातलं लाटणं घेऊन गेली आणि संध्याकाळी परत येऊन त्याच लाटण्याने पोळ्या केल्या, हे मला लख्ख आठवतं. पुढे १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारची काही कुटुंबं मिळून एक संघ, महिन्याची एकत्र मागणी, एका घरी माल उतरायचा आणि तिथून प्रत्येकीच्या घरी जायचा. आईच्या संघाचा माल आमच्या पडवीत उतरायचा. कडधान्यांचा तो वास मला अजून येतो. पंचायतीची ही वितरण व्यवस्था आजही चालू आहे. तुमच्या भागात संघ असेल तर आधी त्यांनाच विचारा.

आम्ही आमचा वेगळा गट केला, अकरा घरांचा. आज चौतीस आहेत. पाचच वस्तू घेतल्या: तूरडाळ, तांदूळ, साखर, पोहे, शेंगदाणे. वाशीच्या घाऊक बाजारातून टेम्पोने गोणी आणायच्या, सोसायटीच्या खोलीत रविवारी वाटायच्या, नफा शून्य, टेम्पोचं भाडं सगळ्यांत वाटून. पहिल्या तीन महिन्यांत चुका झाल्या. जुना कोलम सांगितला आणि नवा आला, घरोघरी भाताचा गिचका. तेव्हापासून मूठभर तांदूळ शिजवून पाहिल्याशिवाय गोणी उचलत नाही. दोघांनी माल नेला आणि पैसे दोन महिने दिले नाहीत, म्हणून आता पैसे आधी. आणि सगळ्यात मोठी चूक ही की काम त्याच चौघी बायकांवर पडलं. पुरुषमंडळी रविवारी फक्त पिशवी न्यायला येत. एकीने वैतागून सोडल्यावर पाळ्या लावल्या, टॉवरनिहाय, आणि गोणी उतरवायला दर वेळी दोन पुरुष हजर असलेच पाहिजेत हा नियम केला. तो नियम नसता तर गट केव्हाच मोडला असता.

भाजीसाठी वेगळं केलं. राज्य सरकारने २०१६ मध्ये संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू केले, त्यावरून आम्हाला सुचलं. शनिवारी सकाळी नाशिककडचा एक शेतकरी गट आमच्या पार्किंगच्या मोकळ्या पट्ट्यात बसतो. जागा सोसायटीची असल्याने कमिटीचा ठराव लागला. तो तीन बैठकांनंतर झाला, कारण काहींना कचऱ्याची भीती होती. त्यांची भीती खोटी नव्हती, पहिल्या दोन शनिवारी पाला तसाच पडून राहिला. आता गाडी निघायच्या आधी ते पट्टा झाडून जातात. गेटबाहेर बसणाऱ्या भाजीवालीचा धंदा यात बुडू नये म्हणून कोथिंबीर, आलं, मिरची शनिवारच्या बाजारात ठेवायची नाही असं आम्ही ठरवलंय. ती बाई रोज असते, शेतकरी आठवड्यातून एकदा येतात.

दहा मिनिटांत माल आणणारी ॲप्स आहेतच, तरुण घरं तीच वापरतात. ती वाईट आहेत असं मी म्हणत नाही, पण आमच्या आजींना ती जमत नाहीत.

गट सुरू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात आतल्या दुकानाने तूरडाळीचा भाव उतरवला. कुणी मागणी केली नव्हती. मॅनेजर स्वतः विचारायला आला की तुमची डाळ कितीला पडते. मी खरा आकडा सांगितला. त्यानंतर त्याच्याशी माझं बोलणं बदललं, आणि आज तो दूध संपत आलं की आजींसाठी दोन पिशव्या बाजूला ठेवतो.

तुमच्याकडे सुरुवात करायची तर आधी महिनाभर बिलं गोळा करा आणि त्याच पंधरा-वीस घरांना डाळ-तांदळाचं विचारा. जी घरं बिलं जपतात तीच पुढे गोण्याही उचलतात.

मोबाइल नंबरचं राहिलं. बिलासाठी नंबर देणं बंधनकारक नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये किरकोळ दुकानदारांना तशी सक्ती करू नका असं कळवलंय. काउंटरवर शांतपणे म्हणा, "नंबर देणार नाही, बिल द्या." नंबराशिवाय कॉम्प्युटर पुढे जात नाही असं ती मुलगी म्हणाली तर मॅनेजरला बोलवायला सांगा. आमच्याकडे तिथे दुकानाचाच एक नंबर टाकतात आणि बिल निघतं.