सीईटी नेमकी कोण देणार आहे?

प्रश्न : मुलगा बारावी विज्ञानला आहे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लिनक्स या संगणकप्रणालीच्या कर्नलचा, म्हणजे तिच्या गाभ्याचा, कोड वाचत बसतो. घरच्या जुन्या संगणकावर त्याने ‘डर्टी पाइप’ ही त्या कर्नलमधील सुरक्षेची त्रुटी वापरून पासवर्ड न देता ‘रूट’चे, म्हणजे संगणकाच्या मुख्य व्यवस्थापकाचे, सर्व अधिकार मिळवून दाखवले. आम्ही घाबरलो आणि लॅपटॉप कपाटात कुलूपबंद केला. सहामाहीला ७१ टक्के पडले. आम्ही यंदा सीईटी आणि जेईई देणार आहोत. नंतर त्याला एथिकल हॅकिंगचा (परवानगी घेऊन संगणकातील त्रुटी शोधण्याचा) सहा महिन्यांचा कोर्स लावावा का? — एक पालक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : सप्रेम नमस्कार. परीक्षा ‘आम्ही’ देणार नसून तुमचा मुलगा देणार आहे. घाबरलात तुम्ही, कुलूप लावलेत तुम्ही, कोर्सही तुम्हीच शोधलात. मुलाचे म्हणणे काय, याबद्दल पत्रात एक ओळही नाही. त्या टक्क्यांपेक्षा मला याचीच अधिक काळजी वाटते. ज्या गोष्टीपायी लॅपटॉप कपाटात गेला, तिचाच क्लास पैसे भरून लावायचा, ही विसंगती मुलाच्या नजरेतून सुटली असेल असे समजू नका.

सहा महिन्यांच्या कोर्सचा विचार करता, म्हणजे संगणक सुरक्षा म्हणजे तयार साधने चालवता येणे, असा तुमचा समज दिसतो; तो मात्र दुरुस्त करायला हवा. ‘डर्टी पाइप’ शोधणारे प्रोग्रामर माक्स केलरमान कर्नल फोडायला बसले नव्हते. २०२१ मध्ये एका ग्राहकाची तक्रार आली की सर्व्हरच्या लॉगच्या (रोजच्या नोंदींच्या) काही फाइली उघडत नाहीत. बिघडलेल्या फाइली बहुतांशी महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या आणि प्रत्येकीच्या शेवटी तेच आठ बाइट, एवढ्या धाग्यावरून ते अनेक महिन्यांनी कर्नलपर्यंत पोहोचले. पाइपच्या (एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात माहिती नेणाऱ्या वाटेच्या) बफरमधला, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातला, एक फ्लॅग (खूण) नव्याने वापरण्यापूर्वी पुसून घ्यायचा राहिला होता. ही चूक २०१६ पासून कोडमध्ये होती आणि २०२० च्या ५.८ आवृत्तीत ती घातक ठरली. केवळ वाचण्याची परवानगी असलेल्या फाइलीच्या मेमरीतील प्रतीवर सामान्य वापरकर्त्यालाही लिहिता येऊ लागले. मार्च २०२२ मध्ये त्यांनी हे जाहीर केले, तेव्हा दुरुस्ती तयार होती. दुसऱ्याचा कोड ओळ न ओळ वाचण्याची ही चिकाटी सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रात मिळत नाही, आणि तुमच्या मुलाला ती सवय आपोआप लागली आहे.

कायद्याची भीती अगदीच अनाठायी नाही. स्वतःच्या संगणकावर केलेला प्रयोग गुन्हा ठरत नाही. तोच कॉलेजच्या प्रयोगशाळेत परवानगीशिवाय आणि अप्रामाणिक हेतूने केला, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे त्याला आवाज न चढवता सांगा.

सीईटी द्यावी, संगणक अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला तर उत्तमच, आणि पदवीनंतर सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा सुरक्षाविषयक पदविका अभ्यासक्रम पुण्यातच आहे. आजच्या घडीला कोर्स नको. लॅपटॉप बाहेर काढा, रात्री अकरानंतर तो बंद राहील एवढे त्याच्याशी बोलून ठरवा, आणि तो फ्लॅग पुसायचा कुठे राहिला होता हे त्याला कागदावर काढून दाखवायला सांगा. पुढचे पत्र त्याच्या हातचे आले तर बरे. तोवर क्लासची आगाऊ रक्कम भरू नका.