पोरं पुण्या-नाशकाला, घर खायला उठतं

प्रश्न : ताई, मी अमळनेरची, वय 49. मुलगा इंजिनिअर होऊन हिंजवडीला नोकरीला लागला, धाकटी मुलगी फार्मसीसाठी नाशिकला गेली. घरात आता आम्ही दोघंच. सवयीने भाकरीचं पीठ जास्तच मळलं जातं. रात्री नऊला मुलाला फोन लावते, तर ‘आई, मीटिंग आहे, नंतर करतो’ म्हणतो, आणि ते राहूनच जातं. हे म्हणतात, ‘पोरं मार्गी लागली, रडतेस कशाला?’ स्वतः मात्र दर रविवारी पोराची मोटारसायकल पुसतात, चालू करून बंद करतात. शेजारणी म्हणतात, तुझं नशीब चांगलं, आमचे तर घरीच बसलेत. मग बोलायचीच लाज वाटते. माझं बी.ए. लग्नामुळे अर्धवट राहिलं, नोकरी कधी केली नाही. मुलाकडेच जाऊन राहू का?

उत्तर : बाई, लाज कसली? पोरांचं चांगलं झालं याचा आनंद आणि ती डोळ्यांसमोर नाहीत याचं दुःख, दोन्ही एकाच पोटात असतं. शेजारणीच्या मुलाला काम नाही म्हणून तुमचं रडणं खोटं ठरत नाही.

विप्रोची सुरुवात 1945 साली तुमच्याच अमळनेरात झाली, वनस्पती तेलाच्या कारखान्यातून. संगणकाची कामं मात्र वाढली ती बंगळूर-पुण्याकडे. खान्देशातल्या शिकलेल्या पोराला कामामागे जावंच लागतं. याचा मला राग येतो, पण त्यात तुमचा दोष नाही आणि पोराचाही नाही.

मोटारसायकलीचं तुम्ही ओघात लिहून गेलात, मी मात्र तिथेच थांबले. कुणी चालवत नाही ती गाडी माणूस दर रविवारी पुसतो, ते काही नुसतं बॅटरी उतरू नये म्हणून नाही. येत्या रविवारी चहा घेऊन अंगणात जा. ‘तुम्हालाही आठवण येते ना?’ असं थेट विचारू नका, ते उठून जातील. म्हणा, ‘मला मागे बसवा, मंगळग्रह मंदिरापर्यंत जाऊन येऊ.’ गाडी रस्त्याला लागली की बोलणं निघेल. आज तुमच्या घरात तुमचं दुःख कळणारा माणूस तोच आहे.

नऊचा फोन बंद करा, पण रुसून नव्हे. कोणता वार, कोणती वेळ, हे मुलालाच ठरवू द्या. मधल्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर तुमच्या आवाजात निरोप टाका : कापसाला काय भाव लागला, गल्लीत कुणाकडे हळद आहे. ‘जेवलास का’ म्हटलं की ‘हो’वर बोलणं संपतं; गावची खबर ऐकली की पोरगं स्वतःहून चार प्रश्न विचारतं. आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीच्या सणाचं तर आत्ताच सांगून ठेवा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन. एका रजेत होतं. रोटांच्या प्रसादाला सगळे भाऊबंद जमतात, तिथे दोन्ही पोरांनी आलंच पाहिजे, यात माझं मत पक्कं आहे.

आता तुमच्या अर्धवट बी.ए.बद्दल : नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात तुमच्या वयाच्या कितीतरी बायका शिकतात. जवळचं अभ्यासकेंद्र कोणतं ते मुलीला बघायला सांगा. आईच्या प्रवेशाची धावपळ तिला करू द्या.

एक मात्र जपा. तुमच्या वयात पाळी जायच्या दिवसांत झोप मोडते, विनाकारण रडू येतं. त्यासाठी डॉक्टरांशी बोला. दोन आठवडे सलग अन्न गोड लागलं नाही, कशातच मन रमलं नाही, तर थांबू नका. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटला तर त्याच क्षणी लावा.

पुण्याला कायमचं जाऊ नका. तो दिवसभर कामात, तुम्ही चार भिंतींत अनोळखी सोसायटीत. इथे निदान हाक मारली तर ओ देणारं कुणीतरी आहे. भेटायला मात्र जरूर जा. यजमानांना सोबत न्या, आणि परतीचं तिकीट आधीच काढा.