माझी विद्या जुनी झाली, मुलाला कोणती शिकवू?

मी समुपदेशक आहे. दहावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावी माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा प्रश्न अलीकडे बदलला आहे. पूर्वी ‘आयटीआयला पाठवू की अकरावीला’ एवढेच विचारले जाई. आता त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो: आज जे शिकेल ते पाच-सात वर्षांनी उपयोगी राहील का? हा प्रश्न केवळ माहितीचा नाही. ज्यांनी स्वतःच्या हाताचे काम कमी होताना पाहिले आहे त्यांच्या तोंडी तो अधिक वेळा येतो, आणि म्हणून त्याचे उत्तर अभ्यासक्रमांची यादी वाचून देता येत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कुटुंबाबरोबर झालेले काम मी येथे सविस्तर मांडते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडिलांचे तालुक्याच्या गावी मोटर रिवाइंडिंगचे दुकान आहे. विहिरीवरच्या तीन आणि पाच एचपीच्या मोटरी जळल्या की त्यांच्याकडे येत. हरभरा-गव्हाला पाणी देण्याच्या दिवसांत विजेचा दाब कमी पडतो, तीनपैकी एक फेज जातो, शेतकरी मध्यरात्रीची वीज चुकू नये म्हणून ऑटोस्विच लावून घरी झोपतो आणि सकाळी मोटर जळलेली सापडते. जळालेली गुंडाळी काढायची, वेढे मोजायचे, तारेचा गेज पाहायचा आणि नवी तार भरायची, हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले आणि त्यावर घर चालवले. पुढे शिवारात सौर पंप आले. राज्य शासनाच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या २०२४च्या योजनेत शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरावी लागते, शिवाय पहिली पाच वर्षे दुरुस्तीची जबाबदारी पंप बसवणाऱ्या कंपनीची असते. पंप दिवसा चालतो, विहीर कोरडी पडली तर कंट्रोलर तो बंद करतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे सगळे चांगलेच आहे. दुकानात येणाऱ्या मोटरी मात्र कमी झाल्या.

ते प्रथम आले ते मुलासाठी नव्हे. पीएम विश्वकर्मा योजनेत आपले नाव बसेल का, हे त्यांना विचारायचे होते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या त्या योजनेत सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, गवंडी असे १८ पारंपरिक व्यवसाय आहेत आणि रिवाइंडिंग त्यात नाही, हे मी सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “मॅडम, माह्या हाताची विद्या माह्याच डोयासमोर जुनी होऊन राह्यली. पोट्ट्याले कोन्ती शिकवू, तुमीच सांगा.”

अशा वेळी धीर देण्याची घाई केली की माणूस बोलायचा थांबतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी फक्त विचारले की हे त्यांच्या घरात पहिल्यांदाच घडते आहे का. त्यावर त्यांनी आपल्या वडिलांची हकीकत सांगितली. आजोबा एका कापड गिरणीत मागावर होते. गिरणी बंद झाली तेव्हा ते पन्नाशीच्या आत होते आणि त्यानंतर उरलेले आयुष्य त्यांनी दुसऱ्याच्या वावरात मजुरी करण्यात काढले. विदर्भात अशी घरे पुष्कळ आहेत. नागपूरची एम्प्रेस मिलसुद्धा १८७७ साली सुरू होऊन २००२ साली कायमची बंद झाली. या माणसाने बापाची विद्या बुडताना पाहिली होती, आता स्वतःची बुडताना पाहत होता आणि तिसऱ्या पिढीच्या बाबतीत निर्णय त्याला घ्यायचा होता. त्याच्या प्रश्नामागचे हे ओझे कळल्यावर मला पुढचे काम नीट करता आले.

मी त्यांना विचारले की आजोबांबरोबर गिरणीतून बाहेर पडलेल्या सगळ्यांचेच असे झाले का. ते आठवू लागले. मागावरचे बहुतेक लोक शेतीकडे किंवा चौकीदारीकडे वळले. गिरणीच्या वर्कशॉपमधला एक फिटर मात्र वर्षभरात जिनिंग-प्रेसिंगमध्ये लागला आणि तिथून पुढे डाळ मिलमध्ये गेला. गिरणीच्या वायरमनचेही तसेच झाले होते. त्यांनी हे इतक्या वर्षांत अनेकदा सांगितले असेल, पण माग चालवणारा आणि माग दुरुस्त करणारा यांच्यात काय फरक होता याचा विचार त्यांनी प्रथमच केला. मागवाल्याचे कौशल्य उत्तम असले तरी ते एका यंत्राशी बांधलेले होते. फिटरला मोजमाप, जोडणी, बेअरिंग, शाफ्टची सरळ रेष कळत होती आणि ते कोणत्याही कारखान्यात लागते.

मग आम्ही त्यांचे स्वतःचे काम त्याच पद्धतीने उलगडले. गुंडाळी भरणे हा त्यातला कमी होत जाणारा भाग आहे. पण मोटर का जळली हे ते ऐकून आणि मीटर लावून सांगू शकतात, मेगर या मीटरने तारेचे इन्सुलेशन तपासतात, अर्थिंग चुकीचे असेल तर ओळखतात, स्टार्टरची जोडणी डोळे मिटून करतात. सौर पंपाच्या कंट्रोलरपुढेही शेवटी वायर, मोटर, अर्थिंग आणि दोष शोधण्याची शिस्त याच गोष्टी येतात. “म्हंजे अर्धी विद्या हायेच,” असे ते म्हणाले. मी ‘अर्ध्याहून जास्त’ म्हटले, आणि ते मनापासून म्हटले.

पुढच्या भेटीला मुलगा आणि आई दोघेही आले. मुलगा दहावीला ६३ टक्के मिळवून पास झालेला, हुशार, पण बोलायला लाजणारा. त्याला चाकणला जायचे होते, कारण गावातला एक मित्र ठेकेदारामार्फत तिथल्या कारखान्यात लागला होता आणि दर महिन्याला घरी पैसे पाठवत होता. आईचे म्हणणे होते की त्याने बारावी करावी, बी.ए.ला नाव घालावे आणि पोलीस भरतीची तयारी करावी. वडिलांच्या खिशात एका खासगी केंद्राचे पत्रक होते: तीन महिन्यांत सोलर टेक्निशियन. ज्या सौर पंपाने आपले काम नेले, त्याचेच काम मुलाला शिकवावे, असा त्यांचा साधा आणि समजण्यासारखा विचार होता.

आईच्या आग्रहाकडे मी दुर्लक्ष केले नाही, कारण त्यात मानाचा प्रश्न होता. “हातानं काम करनारा पोट्टा म्हटलं का लग्नाले पोरगी भेटत नाही,” हे तिचे वाक्य मी अनेक आयांकडून ऐकले आहे. याच विदर्भात, वर्ध्याला, ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाभोवती गुंफलेल्या शिक्षणाची, म्हणजे नई तालीमची कल्पना मांडली होती. हाताचे काम ही बुद्धी घडवण्याची वाट मानली गेली त्याच भूमीत आज कमी गुण पडलेल्या मुलाला ‘टाकायची’ जागा म्हणून आयटीआयकडे पाहिले जाते, याचे मला फार वाईट वाटते. परंतु आईला हा इतिहास सांगून तिची काळजी मिटणार नव्हती. आयटीआयने पुढची दारे बंद होत नाहीत, हे तिला स्पष्ट कळणे आवश्यक होते. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड, म्हणजे आयटीआयचा एखाद्या व्यवसायाचा अभ्यासक्रम, पूर्ण करणाऱ्याला तंत्रनिकेतनात डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून ठरावीक विषयांची परीक्षा देऊन बारावीचे प्रमाणपत्रही मिळवता येते. हे मी तिच्यासाठी कागदावर लिहून दिले. तो कागद तिने घडी करून पदराला बांधला.

चाकणबद्दल मी मुलाशी वेगळे बोलले नाही, आईवडिलांसमोरच बोलले, असे म्हणण्यापेक्षा त्यालाच बोलू दिले, हे अधिक खरे. मित्र काय काम करतो, असे विचारल्यावर त्याने सांगितले की तो पट्ट्यावर आलेल्या वस्तूत एकच भाग बसवतो. ठेका सहा-सात महिन्यांचा असतो, मग दुसरा ठेकेदार. पगार मिळतो, ही गोष्ट लहान नाही. पण दोन वर्षांनी त्या मित्राला दुसऱ्या कारखान्यात काय सांगता येईल, या प्रश्नावर मुलगा स्वतःच आजोबांच्या मागापर्यंत पोहोचला. तेव्हा खोलीत कोणीही काही बोलले नाही आणि मीही त्यात भर घातली नाही.

सर्वांत जास्त वेळ वडिलांच्या पत्रकावर गेला. अल्प मुदतीचे अभ्यासक्रम निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. ज्याच्या हातात आधीच विजेचे काम आहे त्याच्यासाठी ते फार उपयोगी असतात. दहावी झालेल्या मुलाच्या हाती मात्र त्यातून पाया लागत नाही, फक्त एका यंत्राची तोंडओळख होते. आयटीआयमध्ये सोलर टेक्निशियन हा एक वर्षाचा ट्रेडही आहे. त्यापेक्षा दोन वर्षांच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडकडे मी त्यांचे लक्ष वेधले, कारण त्यात वायरिंग, मोटर, ट्रान्सफॉर्मर, पॅनल, मोजमाप आणि रेखाचित्र हे सगळे येते आणि सौर जोडणी त्याच पायावर नंतर शिकता येते. आज सौर पंप आहेत आणि पीएम सूर्यघर योजनेमुळे घराच्या छतावर पॅनेल येत आहेत. उद्या गावात विजेच्या गाड्यांचे चार्जिंग येईल, परवा आणखी काही. तंत्र कोणते टिकेल हे मला सांगता येत नाही आणि कोणत्याही समुपदेशकाने ते छातीठोकपणे सांगू नये. विजेचे मूळ नियम ज्याला येतात तो नव्या यंत्रापुढे उभा राहिल्यावर घाबरत नाही, एवढे मी खात्रीने सांगते.

याबरोबरच आयटीआयच्या उणिवाही त्यांच्यासमोर ठेवणे मला भाग होते. काही ठिकाणी निदेशकांची पदे रिकामी असतात, यंत्रे जुनी असतात, आणि नावाला प्रवेश देऊन वर्कशॉप न चालवणाऱ्या संस्थाही आढळतात. म्हणून प्रवेशाच्या विकल्पांत संस्थेचे नाव भरण्यापूर्वी वडिलांनी आणि मुलाने तिथे प्रत्यक्ष जाऊन यावे, असे मी सुचवले. साहेबांना भेटण्यापेक्षा दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा: आठवड्यातून किती दिवस हातात काम मिळते, मोटर स्वतः उघडली आहे का, मागच्या तुकडीतली मुले आता कुठे आहेत. वडील जाणकार असल्यामुळे त्यांनी आणखी एक गोष्ट केली जी मला सुचली नसती. त्यांनी वर्कशॉपमधल्या मोटरींचे टर्मिनल बॉक्स पाहिले. ज्या संस्थेत स्क्रू झिजलेले होते, तिथे मुले खरोखर काम करतात, असे त्यांनी ठरवले. दुसऱ्या संस्थेत मोटरींवरचा रंगही कोरा होता. मुलाने पहिला विकल्प झिजलेल्या स्क्रूच्या सरकारी आयटीआयचा भरला आणि त्याला दुसऱ्या फेरीत तो मिळाला.

वडिलांचे स्वतःचे काय, हा प्रश्न मधल्या काळात मागे पडू नये असे मला वाटत होते. चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला ‘आता नवे शिका’ असे सांगणे सोपे असते, पण दुकान बंद ठेवले त्या दिवशी त्याच्या घरात पैसा येत नाही. तीन महिन्यांचा जो अभ्यासक्रम मुलासाठी अपुरा होता, तसाच एखादा त्यांच्यासाठी योग्य होता. खरीपात, दुकानात काम कमी असताना, त्यांनी तो फी न घेणाऱ्या शासकीय योजनेतून केला. पाच वर्षांची मुदत संपलेले सौर पंप पुढे कोणीतरी दुरुस्त करणारच आहे, आणि गावातला शेतकरी आधी ओळखीच्या माणसाकडे येतो. सध्या ते घरगुती पाण्याच्या मोटरी, पिठाच्या गिरण्यांचे पॅनल आणि छतावरच्या पॅनेलची जोडणी करतात. रिवाइंडिंगचे कामही थोडे आहेच. उत्पन्न पूर्वीइतके नियमित झालेले नाही, हेही सांगायला हवे.

मुलगा आता दुसऱ्या वर्षात आहे आणि या कुटुंबाबरोबरची सध्याची चर्चा शिकाऊ उमेदवारीची, म्हणजे अप्रेंटिसशिपची आहे. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ३० किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात आणि २०१९च्या सुधारित नियमांनी आयटीआय प्रमाणपत्रधारकाचे किमान विद्यावेतन महिन्याला ७,००० रुपये ठरवले. त्याच्यापुढे महावितरण, चंद्रपूरकडचा एखादा सिमेंट कारखाना आणि सौर जोडणी करणारा एक ठेकेदार असे तीन रस्ते आहेत. ठेकेदार विद्यावेतनापेक्षा जास्त पैसे देऊ करतो, पण करार नोंदवायला तयार नाही. करार शासनाच्या पोर्टलवर नोंदला गेला नाही तर वर्ष संपल्यावर परीक्षा देता येत नाही आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळत नाही. रेल्वेच्या लेव्हल एकच्या भरतीत रेल्वेत शिकाऊ उमेदवारी केलेल्यांसाठी २० टक्के जागा असतात, हे कळल्यावर आईने तोही अर्ज भरायला सांगितले आहे. महावितरणची जाहिरात निघाली की गुणपत्रके घेऊन तिघांनीही एकत्र यावे, असे ठरले आहे. तोवर मुलाने कोणत्याही कोऱ्या कागदावर सही करू नये, एवढे मी त्याला बजावले आहे.