श्रवणयंत्र बसवल्यानंतरचे पहिले महिने

आपली नऊ महिन्यांची मुलगी अजून हाकेला वळत नाही म्हणून आपण धास्तावला आहात. परंतु तिचे ऐकण्याचे वय यंत्र बसवल्याच्या दिवसापासून मोजायचे असते, आणि त्या हिशेबाने ती अवघी तीन आठवड्यांची आहे. सुरुवातीला एवढेच सांभाळावे:

१. आंघोळ वगळता मूल जागे असेपर्यंत यंत्र कानात असावे. ‘घरातच तर आहोत’ म्हणून ते काढून ठेवण्याची चूक आम्हीही केली. भाषा मात्र घरातच शिकली जाते.

२. रोज सकाळी तिला ओठ दिसणार नाहीत अशा बेताने आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी नेहमीच्या आवाजात उच्चारावेत. ‘म’पासून ‘स’पर्यंत बोलण्यातील खालच्या-वरच्या पट्टीचे बहुतेक आवाज त्यांत येतात. एके सकाळी माझा मुलगा एकाही ध्वनीला वळला नाही, तेव्हा यंत्राच्या नळीत घामाचा थेंब अडकलेला सापडला.

३. ओरडण्याऐवजी जवळ जावे. अंतर निम्मे केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, आणि ओरडल्याने शब्द विकृत होतात. टीव्ही बंदच बरा.

यंत्र शिट्टी वाजवू लागले, तर आवाज कमी करू नये. बहुधा कान वाढून यंत्राचा कानात बसणारा साचा सैल झालेला असतो, तो नवा करून घ्यावा. बॅटरीचे झाकण कुलूपबंद असावे, कारण गिळलेली बॅटरी जिवावर बेतू शकते. ऑडिओग्राममधील (श्रवणचाचणीच्या आलेखातील) प्रत्येक रेषेचा अर्थ लावणे पुढे पाहता येईल.