लग्नाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेट डिजिटल करून वर्षानुवर्षं टिकवायच्या असतील, तर कोणत्या फॉरमॅटमध्ये साठवाव्यात?

दोन फाइल्स ठेवा. मूळ प्रत एफएफव्ही१ कोडेकमध्ये (व्हिडिओ आकुंचित करून साठवण्याची पद्धत), एमकेव्ही फाइल म्हणून. यात दर्जा अजिबात घटत नाही, पण तासाला साधारण २५-३५ जीबी जागा लागते. नातेवाईकांना पाठवायला तिच्यावरून एमपी४ बनवा. दुकानदार बहुतेक वेळा फक्त एमपी४च देतात, म्हणून आधीच विचारून घ्या.

मूळ प्रत इंटरलेस्डच राहू द्या, म्हणजे प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या भागांत (फील्डमध्ये) विभागलेलं. आपल्याकडची कॅसेट पाल (PAL) या टीव्ही पद्धतीची, ५७६ ओळींची, सेकंदाला ५० फील्डची. डीइंटरलेस, म्हणजे हे अर्धे भाग पूर्ण चित्रांत बदलणं, फक्त एमपी४ करताना करा. मूळ प्रतीतच केलं तर वऱ्हाडाच्या नाचातली निम्मी हालचाल कायमची जाते. ‘एचडी करून देतो’ म्हणणाऱ्याला नम्र नकार द्या. नसलेला तपशील कुठून येणार?

कॅसेट लावण्याआधी टेपवर पांढरी बुरशी दिसते का बघा. कोकणात, मुंबईत हे हमखास होतं. बुरशी असेल तर व्हीसीआरमध्ये घालूच नका, टेप वाचणारं हेड खराब होतं आणि पुढच्या कॅसेटलाही लागण होते. मागचा छोटा प्लास्टिकचा टॅब मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्डिंग होणार नाही.

घाई मात्र करा. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या ज्ञात कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, चालू मशीन दिवसेंदिवस दुर्मीळ होतंय. फाइल्स दोन हार्ड डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरी.